शेजारून टोरंटोला

माझा मुलगा इथं चेन्नईजवळ सिरुसेरीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. घरात कुणी काही विचारलं की तो आधी फोन काढतो. त्या दिवशी मी काही विचारलंही नव्हतं, टोरंटोला जाणार एवढंच सांगितलं होतं. त्यानं लगेच दोन शहरांची नावं टाकली आणि फोन माझ्या नाकासमोर धरला. "हे बघ आई. तेरा हजार किलोमीटरच्या वर. सरळ विमान नाही, मध्ये उतरून दुसरं पकडायचं. घरातून निघाल्यापासून तिथं पोचेपर्यंत सवा-दीड दिवस. तुझा गुडघा, तुझं ब्लडप्रेशर. जरा विचार कर."

"विचार करून झाला," मी म्हटलं. "आणि अंतर मला शिकवू नकोस."

चेन्नईतल्या तिरुवल्लिक्केणीच्या एका शाळेत मी जन्मभर भूगोल शिकवला. विमानात कधी बसले नव्हते, हे खरं. पण चंद्रावर न जाता चंद्र शिकवतातच की. आणि हे अंतर तर मी स्वतः मोजलेलं होतं. माझी मोठी बहीण, आमची अक्का, नवऱ्याबरोबर टोरंटोला निघाली तेव्हा मी शाळेतला पृथ्वीगोल घेतला, शिवणाचा दोरा चेन्नईवर धरला आणि टोरंटोपर्यंत ताणला. भिंतीवरच्या नकाशात कॅनडा डावीकडे असतो, म्हणून सगळ्यांना वाटतं पश्चिमेला जायचं. दोरा मात्र सरळ वर गेला, बर्फाच्या अंगानं पलीकडे उतरला. मी अक्काला म्हटलं, तू पश्चिमेला नाही, उत्तरेला चाललीस. ती म्हणाली, तुझा भूगोल तुझ्यापाशी ठेव आणि लोणच्याची बरणी नीट बांध.

अक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आई सतत आजारी, त्यामुळे तंजावरच्या घरात मला न्हाऊमाखू घालून वाढवलं ते तिनं. मी घरात कमी आणि शेजारी जास्त. तिन्हीसांजेला अक्का दारात उभी राहून हाक मारायची, माझ्या घरातल्या नावानं. ते नाव शाळेत नव्हतं, पत्रिकेतही नव्हतं. पहिल्या हाकेला ओ दिली तर ठीक, तिसरीपर्यंत गेलं की पाठीत धपाटा ठरलेला. मी ओ द्यायची ती शेजारच्या स्वयंपाकघरातून, तोंडात त्यांचा मुरुक्कू, म्हणजे त्यांची चकली, कोंबून.

आमची मराठी ही अशी तंजावरची. तीनशे वर्षांपूर्वी वाडवडिलांनी जी आणली ती, वर तमिळची फोडणी. माझी सून साताऱ्याची, अंबत्तूरला एका कारखान्यात इंजिनियर आहे. लग्नानंतर महिनाभर तिला वाटायचं मी तिच्यावर रागावलेय, नुसतं 'जेवून घे' म्हटलं तरी. आता तिला सवय झाली. पुस्तकी मराठी मी वाचून वाचून शिकले, लिहितेही. पण दचकले, ठेच लागली, की तोंडातून येते ती अक्काचीच.

अक्काला झटका आला त्याला आता दोन वर्षं होतील. उजवी बाजू गेली, ती थोडी परत आली. बोलणं मात्र वरून एकेक पापुद्रा निघावा तसं जात राहिलं. आधी इंग्रजी गेली. मग तमिळ गेली. राहिली ती लहानपणची घरची मराठी, आणि त्या घरात ती कुणाला येत नव्हती. मेहुणे केव्हाच गेलेले. भाच्याची बायको तिकडची, मुलं इंग्रजीतली, भाच्याला स्वतःला जेवण-झोप इतपत समजायची. पुढे तिला अशा आजारी म्हाताऱ्यांसाठी असलेल्या एका निवासात ठेवलं. तिथल्या नर्सना वाटे, बाई बरळते आहे.

एके दिवशी भाच्याचा फोन आला, नेहमीसारखा इंग्रजीत. आवाज रडवेला. "मावशी, अम्मा दिवसभर एकच काहीतरी ओरडते. डॉक्टर विचारतात कुठं दुखतंय का, मला सांगता येत नाही. बाकी बोलणं जवळजवळ थांबलंय. एवढंच उरलंय."

"कशी ओरडते ते ओरडून दाखव," मी म्हटलं.

तो लाजला. मग त्यानं दाखवलं. शेवटचं अक्षर लांबवून, अगदी तिच्यासारखं.

ते माझं नाव होतं. त्या नावानं मला बोलावणारं माणूस जगात एकच उरलेलं. कुठं दुखत नव्हतं तिला. ती हाक मारत होती आणि मी ओ देत नव्हते. मी फोन खाली ठेवला आणि मोरीत जाऊन रडले, कारण घरात सगळ्यांपुढे रडायची मला सवय नाही.

फोनवरून प्रयत्न केला नाही असं नाही. भाच्यानं तिच्यापुढे फोन धरला, मी इकडून ओ, ओ करत राहिले. ती फोनकडे बघेचना. दाराकडे बघायची. हाक मारली की माणूस दारातून येतं, हे तिला अजून पक्कं ठाऊक होतं. तेव्हाच मी ठरवलं, आपण त्या दारातून आत जायचं. ती हाकही विसरायच्या आत.

म्हणून मुलानं किलोमीटर दाखवले तेव्हा मला राग आला. काळजीपोटी बोलत होता, कळत होतं. पण लांब आहे हे कारण झालं का? लांब आहे म्हणूनच तर जायचं. जवळ असती तर रिक्षानं गेले असते.

भाच्यानं खटपट करून व्हिसाचं जमवलं. तिकीट मिळालं ते नेमकं अमावास्येचं. त्याच्या अलीकडे जागा नव्हती, आणि पलीकडे थांबायची माझी तयारी नव्हती. सुनेनं कालनिर्णयाकडे बघितलं आणि कपाळावर आठ्या घातल्या. "अहो आई, अमावास्येला कुणी लांबच्या प्रवासाला निघतं का? आमच्याकडे त्या दिवशी पलीकडच्या गावालासुद्धा जात नाहीत."

तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधली शेजारीण दही मागायला आली. ती तमिळ, एन्नोरच्या एका दवाखान्यात नर्स, एकटीच राहते. ती म्हणाली, "टीचर, अमावास्या म्हणजे भरलेला दिवस. आमच्यात त्या दिवशी नवीन गाडी घेतात. बिनघोर जा."

दोघी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. आम्हा तंजावरकरांची ही पंचाईत. इथल्यांची राहुकाळाची धास्ती आम्ही उचलली, महाराष्ट्राकडची अमावास्येची आमच्यात होतीच. दोन्हीकडचं भय आमच्याच वाट्याला. मी तशी भित्री नाही, पण अक्का तिकडे अशी असताना विषाची परीक्षा कोण घेणार? मी म्हटलं, "प्रस्थान ठेवू या."

सुनेचा चेहरा खुलला. तिच्या आजीकडेही हे होतं म्हणे. निघायचा दिवस चांगला नसेल, तर आधीच्या चांगल्या दिवशी आपल्या सामानातली एखादी वस्तू हळदकुंकू लावून शेजारच्या घरी नेऊन ठेवायची. ठेवली की आपण निघालो असं धरतात. मग खरोखर निघताना ती तिथून उचलायची आणि तशीच वाट धरायची, परत घरात पाऊल टाकायचं नाही.

ठेवायचं कुणाकडे, यावर मात्र जुंपली. प्रस्थान जायच्या दिशेला ठेवतात. सून म्हणे कॅनडा पश्चिमेला, पश्चिमेकडे तळमजल्यावर शिंपी आहे, त्याच्याकडे ठेवा. मी म्हटलं, कॅनडा उत्तरेला. मुलगा हसायला लागला, त्यानं फोन काढला, आणि मग त्याचं हसणं थांबलं. सरळ रेघ खरंच वर जात होती. समोरची शेजारीण आमच्या उत्तरेला. प्रश्न मिटला.

आता चूक कुठे झाली ते सांगते. आमचे वडील म्हणायचे, प्रस्थान म्हणून फाटका पंचा ठेवायचा नाही. जे नसलं तर आपलं पाऊल पुढे पडणार नाही, तेच ठेवायचं, म्हणजे मन मागे फिरत नाही. मी त्यांचं ऐकलं. तांदूळ, सुपारी आणि हळकुंड घातलेल्या कापडी पिशवीत मी पासपोर्ट घातला. सुनेनं पिशवीला कुंकू लावलं, मी ती शेजारणीच्या देवापाशी ठेवली. तिनंही वर दोन फुलं वाहिली. घरी येऊन मी पोटभर जेवले आणि छान झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपारचं विमान. सकाळी आंघोळ करून पिशवी आणायला गेले, तर समोरच्या दाराला कुलूप.

शेजारणीची त्या दिवशी सुट्टी होती, ती घरी असणार होती. वॉचमन म्हणाला, दवाखान्यातून तातडीचं बोलावणं आलं, पहाटेच गेली, दुपारपर्यंत येते म्हणाली. फोन लावला. वाजून वाजून थांबला. कामावर असताना ती तो कपाटात ठेवते, हे मला माहीत होतं.

मुलानं डोक्याला हात लावला. "पासपोर्ट? प्रस्थान म्हणून पासपोर्ट ठेवलास? अगं, रुमाल ठेवायचा होतास."

"बरं, झालं ते झालं," मी म्हटलं.

सून म्हणाली, किल्लीवाल्याला बोलावू, कुलूप उघडू. मला ते पटेना. एकट्या बाईचं घर, तिच्या माघारी कुलूप फोडायचं, तेही तिनं स्वतःचा देव आपल्याला वापरू दिल्यावर? मुलगा समजुतीच्या सुरात म्हणाला, "आई, तिकीट पुढच्या आठवड्याचं करून घेऊ. एका आठवड्यानं काय बिघडतंय? अमावास्याही टळेल."

मग मात्र मी चिडले. "एका आठवड्यात तिची हाक बंद झाली तर? मग मी तिथं जाऊन काय त्यांच्या भिंती बघू? आणि मी आज निघायची राहिलेली नाही. मी कालच निघालेय. प्रस्थान ठेवलंय ते काय भातुकली म्हणून? गाडी काढ. एन्नोरला जायचंय."

त्यानं हेल्मेट उचललं. माझा हा आवाज त्यानं दहावीच्या वर्षानंतर ऐकला नव्हता. सूनही पटकन उठली. "तुम्ही दोघं किल्ली आणा. मी मोठ्या बॅगा घेऊन विमानतळावर जाते आणि तिथं उभी राहते." अमावास्येला उंबरा ओलांडू नये म्हणणारी ती, पण टॅक्सी बोलावून आमच्याही आधी बाहेर पडली. त्या पोरीबद्दल तेव्हापासून माझ्या मनात काहीही वाकडं येत नाही.

मी साडी खोचून मुलाच्या बाईकवर बसले. एन्नोरचा रस्ता म्हणजे बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरच्या ट्रकांची रांग. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला चाकं आमच्या डोक्याएवढी. पुढे वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायला लागल्या, पण त्या जवळ येईनात. मुलगा दोन ट्रकांच्या मधून वाट काढी, मी डोळे मिटून घेई. तेरा हजार किलोमीटरचा एवढा बाऊ केला आम्ही, आणि मी अडकले होते वीस किलोमीटरवर. माझा गुडघा ठणकत होता आणि मी त्याला मनातल्या मनात म्हणत होते, टोरंटोपर्यंत गप्प बस, मग काय ते कर.

दवाखान्याच्या दारातल्या माणसानं भेटायची वेळ नाही म्हणून हात आडवा केला. मी म्हटलं, "मी भेटायला नाही, हाक मारायला आलेय." त्याला काय समजलं कोण जाणे, हात खाली आला. आत आयाबाई म्हणाली, सिस्टर बाळंतपणाच्या खोलीत आहे, मध्येच बाहेर येता यायचं नाही, आणि पर्सच्या कपाटाची किल्ली तिच्याच कमरेला.

मी बाकावर बसले. आतून त्या बाळंतिणीचं कण्हणं ऐकू येत होतं. तिची घाई माझ्या घाईपेक्षा मोठी होती, एवढं मला समजत होतं. मुलगा सारखं घड्याळ बघत होता. शेवटी एकदाचं आत बाळ रडलं. मी आणखी थोडं थांबले, देवाचं नाव घेतलं, आणि दारापाशी उभी राहून अक्का मारायची तशी हाक मारली, शेजारणीच्या नावानं, शेवटचं अक्षर लांबवून. पूर्ण व्हरांडा वळून बघायला लागला.

आतून ओ आली.

ती बाहेर आली ती हात पुसत. मला बघितलं आणि क्षणात सगळं ध्यानात येऊन तिनं कपाळाला हात लावला. एक शब्द वाया न घालवता तिनं कपाट उघडलं आणि घराची किल्ली माझ्या मुठीत कोंबली. "मुलगी झालीय आत," ती म्हणाली. "अमावास्येची. सांगितलं होतं ना, भरलेला दिवस आहे. जाऊन या टीचर." जा म्हणायचं नाही, जाऊन या म्हणायचं, हे त्यांच्यातही आमच्यासारखंच.

परतीचा रस्ता मला आठवत नाही. शेजारणीच्या देवापाशी पिशवी होती तशी होती, वर कालची फुलं सुकलेली. मला भयंकर तहान लागली होती. आमचं दार चार पावलांवर होतं, पण प्रस्थान उचलल्यावर घरात शिरायचं नाही. मी शेजारणीच्या माठातलं पाणी प्याले, तिच्या देवाला नमस्कार केला आणि तिच्याच उंबऱ्यावरून निघाले.

विमानतळावर सून दोन बॅगांच्या मध्ये उभी होती. तिनं पर्समधून छोटी डबी काढून माझ्या हातावर दही घातलं. काउंटर बंद व्हायच्या बेतात होतं. तिथल्या मुलीनं पासपोर्ट उघडला, तर त्यातून तांदळाचे दाणे सांडले. तिनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं. तिनं दाणे गोळा करून मला परत दिले.

विमानाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. समोरच्या पडद्यावर नकाशा होता आणि उरलेलं अंतर कमी होत जाताना दिसायचं. शेजारचा माणूस सिनेमा बघत होता, मी नकाशा बघत होते. मध्ये उतरायचं होतं त्या विमानतळावर मुलानं माझ्यासाठी चाकाची खुर्ची सांगून ठेवली होती. मी मुकाट्यानं बसले. हट्ट कुठं करायचा आणि कुठं नाही, तेवढं मला या वयात कळतं. दुसऱ्या विमानातही दिवस मावळेचना, आम्ही त्याच्या मागे मागे चाललो होतो. हे मी वर्गात कितीदा समजावलं असेल, पण खिडकीतून बघितलं तेव्हा माझा मलाच विश्वास बसेना. पिशवी पूर्ण वेळ मांडीवर होती.

भाचा न्यायला आला होता. त्याचे केस पिकलेले बघून मला धक्का बसला. तो म्हणाला, "मावशी, आधी घरी चल, आंघोळ कर, झोप काढ. एवढं अंतर आलीस."

"आधी अक्का," मी म्हटलं.

गाडीत तो हळू आवाजात म्हणाला, "मावशी, एक सांगून ठेवतो. गेले दोन दिवस तिनं हाकही मारलेली नाही." मी पिशवीतला सुपारीचा खडा बोटांनी चाचपत राहिले. आता मागे फिरणं नव्हतं, आणि पुढे काय आहे ते मी बघणारच होते.

निवासातली तिची खोली स्वच्छ, उबदार होती. अक्का खुर्चीत बसलेली, दाराकडे तोंड करून. इतकी लहान झालेली की मला आधी वाटलं दुसरंच कुणी आहे. केस कापलेले. कपाळ मोकळं. मी दारातून आत गेले. तिनं बघितलं आणि नजर माझ्या चेहऱ्यावरून खाली पिशवीवर गेली, त्यावरच्या कुंकवावर. भाचा मागे दाराला टेकून उभा होता.

मी खाली तिच्या पायाशी बसले, गुडघ्याचं काय व्हायचं ते होवो म्हणून. तिचा डावा हात माझ्या डोक्यावर आला, केसांतून फिरला. मग तिचे ओठ हलले. शब्द सावकाश आले, पण पूर्ण आले, आमच्या घरच्या मराठीत.

"कुठं होतीस गं इतका वेळ?"

तेरा हजार किलोमीटर, सवा-दीड दिवस, दोन विमानं, सगळं माझ्या तोंडाशी आलं. पण तिच्यापुढे खोटं बोलायची मला लहानपणापासून भीती, आणि खरं विचाराल तर मी निघाले होते ते शेजारच्याच उंबऱ्यावरून.

"शेजारी होते, अक्का," मी म्हटलं.

तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला. हातात जोर नव्हता, नुसता तळवा टेकला.

"शेजारीच होतीस, तर हाकेला ओ द्यायला काय झालं होतं?"

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि म्हटलं, "ओ."